जेंबे घ्यायचाय? आधी खोड बघा, कातडं नंतर

जेंबे हा पश्चिम आफ्रिकेचा हाताने वाजवायचा ढोल आता आपल्याकडे नवलाईचा राहिलेला नाही. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात तो ओळीने मांडलेला असतो, पुण्या-मुंबईच्या वाद्यांच्या दुकानांत गिटारशेजारी दिसतो, कंपन्यांच्या सहलींत पन्नास-शंभर जण तो एकदम बडवत असतात. परदेशातल्या मराठी मंडळींपैकी काहींनी तो तिकडच्याच एखाद्या छोट्या आयातदाराकडून घेतलेला असतो. घेताना बहुतेक जण बघतात ती नक्षी, रंग आणि किंमत. मग कधीतरी कातडं फाटतं, विकणारा फोन उचलत नाही आणि ढोल बाल्कनीत कुंडीखाली जातो.

जेंबेचं कातडं कायमचं नसतं. तबल्याची पुडी बदलावी लागते तसं तेही बदलावं लागतं. खोड, म्हणजे ढोलाचं लाकडी अंग, मात्र नीट निवडलं तर पुढच्या पिढीलाही वाजवता येईल. म्हणून पैसा घालायचा तो खोडात, कातडं धरणाऱ्या लोखंडी कड्यांत आणि दोरीत, आणि दुकानदार असा गाठायचा की जो स्वतः ढोल मढवतो. मोठ्या साखळी दुकानात पहिली गोष्ट कदाचित मिळेल, दुसरी सहसा मिळत नाही. छोटा दुकानदार खरा उपयोगी पडतो तो इथे. पुढचा सगळा लेख या एका हिशोबावर उभा आहे.

कोणता ढोल, केवढा ढोल

‘आफ्रिकन ढोल’ नावाचं एकच वाद्य नाही. माली, गिनी, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट या पट्ट्यातल्या मांदे लोकांचा तो जेंबे: वर मोठा वाडगा, खाली निमुळती नळी, सगळं एकाच ओंडक्यातून कोरलेलं, तोंडावर बकरीचं कातडं आणि दोरीचा ताण. घानातल्या गा लोकांचा क्पानलोगो उभट असतो. त्याचं कातडं लाकडी खुंट्या ठोकून ताणतात. नायजेरियातल्या योरुबांचा अशिको सरळ शंकूच्या आकाराचा. सेनेगलचा साबार एका हाताने आणि दुसऱ्या हातातल्या काठीने वाजतो. काखेत धरून, दोऱ्या दाबून ज्याचा सूर चढवतात-उतरवतात तो तामा. जेंबेबरोबर जे मोठे आडवे ढोल काठीने वाजवतात ते दुनुन, त्यांना गाई-बैलाचं जाड कातडं लागतं. दुकानात ‘आफ्रिकन ड्रम’ अशी एकच चिठ्ठी लावलेली असेल तर हे नक्की काय आहे, हे आधी विचारा. क्पानलोगोसाठी जाड कातडं चालतं, पण तेच जेंबेवर चढवलं तर हात दुखतील आणि चाट, म्हणजे काठाशी झटका देऊन काढायचा तिखट आवाज, निघणार नाही.

इथून पुढे जेंबेबद्दलच बोलतो, कारण दुकानात दहातले नऊ जण तोच मागतात.

मोठ्या माणसासाठी तोंडाचा व्यास 12 ते 13 इंच आणि उंची 23 ते 25 इंच हे माप बरं. उंची फार कमी असेल तर बसून वाजवताना ढोल गुडघ्यांखाली जातो आणि पाठ वाकवावी लागते. 10 इंचाखालचे ढोल लहान मुलांसाठी किंवा प्रवासासाठी. त्यात घुमाऱ्याला, म्हणजे खोल आवाजाला, जागाच कमी असते, त्यामुळे ‘छोटा पण दणदणीत’ हे विकणाऱ्याचं वाक्य हसून सोडून द्यावं. 14 इंचाचं तोंड दिसायला भारदस्त, पण उंच सुराला ताणायला अवघड आणि नवशिक्याच्या हाताला जड.

तो कुठून आला, हे विचारा

मांदे समाजात लाकूड कोरायचं काम परंपरेने नुमू म्हणजे लोहारांच्या घराण्यांकडे होतं. हत्यारं घडवणारेच ती चालवायचे. 1952 च्या सुमारास गिनीच्या फोदेबा केता यांचा नृत्यसंच, ले बॅले आफ्रिकेन, जगभर फिरू लागला आणि हा ढोल युरोप-अमेरिकेच्या रंगमंचावर आला. पुढे ममादी केता आणि फामुदू कोनाते यांच्यासारखे वादक परदेशात शिकवू लागले, मागणी वाढली आणि ढोल निर्यातीसाठी बनू लागले. आज दुकानात दिसणाऱ्या मालाची ढोबळमानाने पाच घराणी आहेत.

माली, गिनी आणि शेजारच्या देशांतले ढोल जड लाकडाचे असतात: लेंके, जाला, दुगुरा, गेनी. गेनी हे झाड आपल्याकडच्या बिबळा या झाडाच्या आणि रक्तचंदनाच्या कुळातलं. असं खोड उचलतानाच कळतं; पूर्ण मापाचा ढोल नऊ-दहा किलो भरला तर नवल नाही. चाट धारदार, घुमारा खोल, किंमत जास्त. घानाचे ढोल बहुधा त्वेनेबोआ नावाच्या हलक्या लाकडाचे, बाहेरून भरपूर कोरलेले. ‘ग्ये न्यामे’सारखी अदिंक्रा म्हणजे घानाची पारंपरिक चिन्हं दिसली की माल तिकडचा समजावा. कोरीवकामाने आवाज सुधारत नाही. उलट खोल नक्षीने भिंत जागोजागी पातळ होते.

तिसरं घराणं इंडोनेशियाचं. पूर्व जावातल्या ब्लिटारच्या आसपास लेथवर महोगनीची खोडं मोठ्या संख्येने फिरवली जातात. एकसारखी, गुळगुळीत, हलकी. शिकायला वाईट नाहीत, पण आतून सरळ पोखरलेली असल्याने आवाज जरा सपाट लागतो. चौथं आपल्याकडचं: आंबा किंवा शिसवीचं खोड, अनेकदा दोरीऐवजी नट-बोल्ट. पाचवं फायबर आणि प्लॅस्टिकचं, वर कातड्याऐवजी कृत्रिम पान.

मी या पाचव्याला नाकं मुरडणाऱ्यांतला नाही. रत्नागिरीत किंवा मालवणात राहत असाल आणि जून ते सप्टेंबर वाजवायचं असेल, तर कृत्रिम पानाचा ढोल हा शहाणपणाचा सौदा आहे. ढोल-ताशा पथकांनी हा हिशोब कधीच केला. आज कित्येक पथकांच्या ढोलांना फायबरची पानं आहेत. शाळेसाठी घेताय तर तोच घ्या. पण कातड्याच्या जेंबेचा आवाज हवा असेल तर त्याला पर्याय नाही आणि मग पुढची तपासणी चुकवू नये.

खोड तपासणं

दुकानात जाताना मोबाइलचा टॉर्च आणि शिवणकामाची टेप पुरे. नीट बघायला वीस मिनिटं लागतात. यात दुकानदार कुरकुरला तर तिथेच निम्मं उत्तर मिळालं.

ढोल आडवा करा आणि खालच्या तोंडातून टॉर्च आत मारा. बघायच्या आहेत त्या भेगा. पश्चिम आफ्रिकेत खोड ओल्या लाकडातून कोरतात, ते पुढे वाळत जातं आणि वाळताना केसासारख्या बारीक रेषा पडतात. त्या वरवरच्या असतील तर काळजीचं कारण नाही. आरपार भेग वेगळी. टॉर्च आत ठेवून खोली अंधारी करा. बाहेर उजेडाची रेघ दिसली तर भेग आरपार आहे. नळीच्या पायथ्याची छोटी आरपार भेग चिकटवून बरी करता येते. वाडग्याच्या काठापासून खाली उतरलेली भेग असलेला ढोल घेऊ नका, कारण सगळा ताण त्याच काठावर येतो. वाडगा आणि नळी जिथे जुळतात त्या कमरेला आडवी भेग असेल तर ढोल एखाद दिवशी दोन तुकड्यांत हातात येईल.

भेगा लपवायच्या दोन सोप्या युक्त्या आहेत: भुसा आणि गोंद कालवून भरणं, आणि वरून काळं पॉलिश. बुजवलेली भेग म्हणजे फसवणूकच असं मात्र नाही. चांगले कारागीरही भेगा बुजवतात, पण ते विचारल्यावर बोट ठेवून दाखवतात. विचारून बघा.

आत बारीक पिवळसर पीठ आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर कीड जिवंत आहे. भोकं असून पीठ नसेल, झटकल्यावर नवीन पडत नसेल, तर ती जुनी. जिवंत किडीचा ढोल घरी आणला तर ती फर्निचरलाही लागते. आतल्या भिंतीवर हत्याराच्या चढत्या खुणा दिसल्या तर खोड हाताने कोरलेलं आहे. अगदी गुळगुळीत असेल तर लेथचं.

मग काठ. वर कातडं असल्यामुळे तो दिसत नाही, पण बोटांनी कळतो. काठावरून बोट फिरवा. चांगला काठ गोलसर असतो: फार धारदार असेल तर कातडं तिथेच कापलं जातं आणि बोटंही सुजतात, फार रुंद आणि सपाट असेल तर आवाज बसका. ढोल सपाट फरशीवर पालथा ठेवा आणि बाजूने बघा. काठाखालून एका ठिकाणी फट दिसली तर काठ वाकडा आहे. टेपने व्यास दोन दिशांनी मोजा. पाव इंचाचा फरक हाताने बनवलेल्या ढोलात चालतो, त्याहून जास्त असेल तर गोल कडी त्यावर नीट बसणार नाही.

शेवटी खोड नुसतं उचला. एक बाजू दुसरीहून जड लागली तर भिंत असमान आहे. याने आवाजाचं फार नुकसान होत नाही, पण कारागिराचा हात कसा होता ते कळतं.

कड्या आणि दोरी

जेंबेला सहसा तीन लोखंडी कड्या असतात. वरच्या दोघींमध्ये कातड्याची कडा चिमटीत धरलेली असते, तिसरी कमरेजवळ. वरच्या आणि खालच्या कडीला दोरीचे फासे असतात आणि त्या फाशांतून उभ्या दोऱ्या जातात. कडीची सळई निदान 6 मिलिमीटर जाड हवी. मोठ्या ढोलाला 7-8 असेल तर उत्तम. पातळ कडी ताणाखाली वाकते आणि दोन फाशांच्या मधे लाटा दिसू लागतात. लाटा दिसल्या तर समजा, हा ढोल कधीच उंच सुराला जाणार नाही. सांध्याचं वेल्डिंग घासून गुळगुळीत केलेलं हवं, नाहीतर तिथेच कातडं फाटतं.

वरची कडी काठाच्या किती खाली आहे ते चारी बाजूंनी मोजा. सगळीकडे सारखं अंतर हवं. ती काठाच्या अगदी जवळ असेल तर वाजवताना हात लोखंडावर आपटेल. फारच खाली गेली असेल तर ताणायला जागा उरलेली नाही.

दोरी 4 ते 5 मिलिमीटरची, आतला गाभा आणि वर विणलेलं कवच असलेली, कमी ताणली जाणारी हवी, पॉलिस्टरची चांगली. नायलॉन लवचिक असतं. आज ओढलं की उद्या सैल. उभ्या दोऱ्यांतून आडवी दोरी खालीवर ओवून ओढली की शंकरपाळ्यांची एक ओळ तयार होते, आणि प्रत्येक शंकरपाळ्याने ताण थोडा वाढतो. नव्याने मढवलेल्या ढोलावर एखादी ओळ किंवा त्याहून कमी असावी. तीन ओळी आधीच भरल्या असतील आणि तरी सूर खाली असेल, तर उभ्या दोऱ्या मुळात ढिल्या ओढल्या आहेत. असा ढोल घ्यायचाच असेल तर पुन्हा ओढून घेण्याची मजुरी किमतीत धरा.

ऐकणं

अंगठ्या-बांगड्या काढा. ढोल मांड्यांमध्ये धरून थोडा पुढे कलता ठेवा, म्हणजे खालचं तोंड उघडं राहील. जमिनीवर टेकवून बंद केलेल्या तोंडाचा घुमारा ऐकण्यात अर्थ नाही, आणि दुकानांत नेमकं तेच चालतं.

तीन आवाज काढून बघा. तळवा मध्यावर टाकून उचलला की घुमारा. बोटं जुळवून काठाशी वाजवली की गोल, खुला सूर. बोटं सैल सोडून काठाशी झटका दिला की चाट. चाट नवशिक्याला लगेच जमत नाही, म्हणून ती दुकानदाराला वाजवायला सांगा आणि तुम्ही चार पावलं लांब उभे राहा. तिन्ही आवाज डोळे मिटूनही वेगळे ओळखता आले पाहिजेत. खुला सूर आणि चाट एकच वाटत असतील तर एकतर कातडं ढिलं आहे किंवा खोडात दम नाही. कोणतं, ते कळायला ‘जरा चढवून देता का?’ असं विचारा. जो समोर बसून एक-दोन शंकरपाळी ओढून दाखवतो, त्याच्याशी पुढेही व्यवहार करावा.

खरखर आली तर घाबरू नका. काठाला लावलेले, कड्या ओवलेले पत्र्याचे तुकडे मुद्दाम झणझणण्यासाठीच असतात. ते हाताने दाबून ठेवल्यावरही खरखर राहिली तर सैल दोरी, सुटलेलं वेल्डिंग किंवा भेग, या क्रमाने शोधा.

दुकानदाराशी बोलणं

ढोल लांबून मागवत असाल तर असा निरोप पाठवून बघा: ‘दादा, हा ढोल कुठल्या देशात कोरलाय आणि लाकूड कुठलं? कातडं कधी चढवलंय? आतून टॉर्च लावून एक फोटो आणि काठाचा जवळून एक फोटो पाठवता का? वजन किती भरतं? पुढे कातडं फाटलं तर तुम्हीच मढवून द्याल का, नुसतं कातडं घेतलं तर किती आणि मजुरीसकट किती?’

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटचा आहे. त्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर ढोल कितीही देखणा असो, किमतीत तेवढी घट धरा. लाकडाचं नाव ‘आफ्रिकन टीक’ किंवा नुसतं ‘हार्डवुड’ असं आलं तर त्याला ठाऊक नाही. ‘मला माहीत नाही’ असं सरळ सांगणारा परवडला.

घासाघीस करायला हरकत नाही, पण हे दुकानदार मूठभर माल आणतात, वाहतुकीचा खर्च वजनावर देतात आणि एखादं खोड वाटेत तडकलं तर तो तोटाही सोसतात. किमतीत ओढाताण करण्यापेक्षा एक जादा कातडं, चांगली पिशवी किंवा पहिल्या वर्षात एकदा दोरी ओढून देणं मागा. त्याला ते देणं सोपं जातं, तुमचा फायदा जास्त होतो. कोरलेलं खोड वाळत असतं, म्हणून निदान पहिल्या तीन महिन्यांत आरपार भेग गेली तर काय, हेही लिहून घ्या.

आणखी एक. दुकानाच्या मागच्या खोलीत फाटलेल्या कातड्याचे ढोल आहेत का, ते जरूर विचारा. चांगल्या जड खोडाचा फाटका ढोल बराच स्वस्त मिळतो, आणि त्याचा काठही तुम्हाला उघडा दिसतो. माझ्या मते पहिल्या ढोलासाठी याहून चांगला सौदा नाही.

कातडं घेताना

पहिली गोष्ट: ढोलाला लागतं ते कच्चं, वाळवलेलं कातडं. कमावलेलं चामडं, म्हणजे चपला-पिशव्यांचं, ढोलावर कामाचं नाही. ते ताण धरत नाही आणि वाजत नाही. चामड्याच्या बाजारात ‘ढोलासाठी’ म्हणून मऊ तुकडा दाखवला तर परत फिरा.

कच्च्यातही प्रकार आहेत. पश्चिम आफ्रिकेतून येणारं बकरीचं कातडं बहुधा उन्हात ताणून वाळवलेलं, केसांसकट असतं. दुसरं चुन्यात टाकून केस काढलेलं, पांढरंशुभ्र. ते दिसायला स्वच्छ, वास नाही, काम सोपं. पण चुन्याने तंतू सैल होतात आणि उंच ताणाच्या जेंबेवर ते लवकर जातं. मुलांच्या ढोलाला चालेल. तिसरं आपल्याकडे मिळणारं मिठातलं. ते घेतलं तर कित्येकदा पाणी बदलून मीठ पूर्ण काढावं लागतं, कारण उरलेलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि पावसाळ्यात ढोल रडतो.

कातडं उजेडासमोर धरून बघा. मधोमध कण्याची गडद रेघ असते. ती तोंडाच्या मध्यातून गेली पाहिजे, म्हणजे दोन्ही हातांना सारखी जाडी मिळते. मान आणि कण्याजवळ कातडं जाड, पोटाकडे पातळ. ज्या वर्तुळात ढोलाचं तोंड येणार त्या भागात सुरीचे काप, भोकं, बरे झालेले व्रण नकोत. मांसाकडच्या बाजूला सोलताना पडलेले अर्धवट काप असतात. ते केसांच्या बाजूने दिसत नाहीत आणि ताणताना तिथूनच चिरा जातो. म्हणून दोन्ही बाजू बघा, नख फिरवून बघा. पिवळे तेलकट डाग म्हणजे राहिलेली चरबी. घडी घालून ठेवलेल्या वाळक्या कातड्याला घडीवर तडा गेलेला असू शकतो. गुंडाळलेलं किंवा सपाट ठेवलेलं घ्या.

माप घेताना तोंडाच्या व्यासात आठ-नऊ इंच तरी मिळवा. 13 इंचाच्या ढोलाला 22 इंचांचं निर्दोष वर्तुळ निघायला हवं. ते कातड्यावर कंपासने किंवा दोरीने आखूनच बघा. ‘मोठं आहे, पुरेल’ यावर जाऊ नका. जाड कातड्याचा घुमारा भरदार आणि टिकाऊपणा जास्त, पातळ कातड्याची चाट तिखट. नवशिक्याने मध्यम घ्यावं. बोकडाचं कातडं जाड मिळतं, पण त्याचा उग्र दर्प लवकर जात नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी याचा विचार करावा.

जंगली जनावराचं कातडं कौतुकाने दाखवलं, हरणाचं, झेब्र्याचं, तर हात लावू नका. आपल्याकडे घुमटाचं उदाहरण ताजं आहे: गोव्याच्या या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपडीला संरक्षण आहे, आणि आता घुमट बकऱ्याच्या कातड्याने मढवतात. परदेशातून स्वतः कच्चं कातडं आणायचा बेतही नको. प्राण्यांची उत्पादनं पशुसंगरोधाच्या (अ‍ॅनिमल क्वारंटाइनच्या) नियमांत येतात आणि कागद नसतील तर विमानतळावरच अडकतात. छोट्या आयातदाराकडून घेण्यात हाही फायदा असतो, पण कागद आहेत ना, हे त्याला विचारावं.

आता थोडं गंभीर. केसांसकट आलेल्या कच्च्या कातड्यावर काळपुळीचे (अँथ्रॅक्स या आजाराचे) बीजाणू असू शकतात. 2006 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आयव्हरी कोस्टहून आणलेली बकऱ्याची कातडी साफ करणाऱ्या ढोलवाल्याला फुप्फुसाची काळपुळी झाली, तो वाचला. 2008 मध्ये लंडनमधला एक ढोल बनवणारा याच आजाराने गेला. असे प्रसंग फार दुर्मीळ आहेत आणि मढवलेला ढोल वाजवणाऱ्याला धोका अगदीच कमी. पण कोरडं कातडं घासून केस काढताना जी धूळ उडते ती श्वासात जाते. म्हणून केस नेहमी ओले असतानाच काढावेत, उघड्यावर, हातमोजे आणि चांगला मास्क लावून, लहान मुलांना लांब ठेवून. हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम करू नये. नंतर कपडे धुवावेत. दुकानदार केस काढलेलं, मढवायला तयार कातडं देत असेल तर चार पैसे जास्त मोजून तेच घ्या.

मढवणं: स्वतः की कारागिराकडून

पहिल्यांदा दुसऱ्याकडून करून घ्या आणि शेजारी बसून बघा. तबला-पखवाजाच्या कारागिरांचा कातड्यावरचा हात अफाट असतो, पण पुडीची घडण वेगळी: गजरा, वादी, शाई. जेंबेचं कातडं ओलं असतानाच कड्यांमध्ये धरायचं असतं. त्या मानाने रिंग आणि दोरीचे मोठे ढोल दुरुस्त करणारा माणूस याच्या जास्त जवळचा. त्याला जुनी दोरी सोडण्यापूर्वी काढलेले फोटो दाखवा.

क्रम असा. थंड पाण्यात कातडं भिजत घाला; बकऱ्याचं बहुधा रात्रभरात मऊ होतं. गरम पाणी कधीच नाही, त्याने तंतू आखडतात. तेवढ्यात खोडाचा काठ बारीक पॉलिश-कागदाने साफ करा. मऊ कातडं केसांची बाजू वर करून तोंडावर ठेवा, कण्याची रेघ मधोमध. त्यावर पहिली कडी, कातड्याची कडा तिच्यावरून वर दुमडा, मग फाशांची कडी तिच्यावर दाबून बसवा. उभ्या दोऱ्या आधी हाताने, मग दांडक्याला पीळ देऊन सगळीकडून सारख्या ओढा, कडी सपाट उतरत गेली पाहिजे. ओल्या कातड्यावर सगळा जोर काढायचा नाही. आता सावलीत, वारा लागेल अशा जागी पाच-सात दिवस वाळू द्या. पूर्ण वाळल्यावर उभ्या दोऱ्या पुन्हा ओढा, एक-दोन दिवस थांबा, पुन्हा ओढा. शंकरपाळी त्यानंतर. घाई केली की कातडं फाटतं किंवा नंतर सतत उतरत राहतं.

घरी आल्यावर

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि सर्वांत आधी कंबर व काठ बघा. ढोल आल्या आल्या ताणू नका. त्याला खोलीच्या हवेची सवय होऊ द्या. खोड कोरडं वाटत असेल तर शिया बटर किंवा जवसाचं कच्चं तेल आतून-बाहेरून पातळ चोळा. कातड्याला तेल लावू नका, आवाज मरतो.

पावसाळ्यात कातडं ओल पितं आणि सूर उतरतो. बहुतेक ढोल फाटतात ते या वेळच्या चुकीने: जुलैत सूर चढवण्यासाठी ओळच्या ओळ ओढली जाते, ऑक्टोबरच्या उन्हात कातडं आखडतं आणि रात्री कधीतरी फटकन आवाज येतो. पावसात सूर उतरला तर उतरू द्या. न्यू जर्सी किंवा टोरोंटोत नेमकं उलट: हिवाळ्यात घरातल्या हीटरने हवा इतकी कोरडी होते की कातडं आपोआप चढतं आणि खोडालाही भेगा जातात. तिथे ढोल हीटरपासून लांब, पिशवीत, आणि खूपच चढला तर एक-दोन शंकरपाळी सोडून ठेवावा. उन्हात उभ्या गाडीत ढोल ठेवणं दोन्हीकडे सारखंच वाईट.

जादा घेतलेलं कातडं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी येते. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या, हवेशीर जागी ठेवा आणि अधूनमधून उघडून कीड बघा. जुनं कातडं काठाशी पांढुरकं पडलं, तिथे बारीक चिरा दिसू लागल्या किंवा सूर चढवूनही चाट बोथट राहिली, तर ते फाटायची वाट न बघता बदला. आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर ते मार्चच्या आत करून घ्यावं. कातडं नीट वाळतं, आणि दुकानदाराकडेही तेव्हा गणपतीच्या दिवसांतली गर्दी नसते.